पानिपतातील एक अठरा वर्षांचा निर्वासित

पानिपतच्या लढाईने मराठी भाषेच्या पदरात काही शब्द टाकले आहेत. गोंधळ माजला की आपण 'भाऊगर्दी' झाली म्हणतो. धंदा बुडाला, निवडणूक हरली, की 'पानिपत झाले' म्हणतो. आणखी एक शब्द त्या लढाईला कायमचा चिकटून बसला आहे, तो म्हणजे 'बाजारबुणगे'. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हेच ऐकले असेल की, भाऊसाहेबांच्या लष्करात बाजारबुणगे फार झाले, बायकामुले आणि यात्रेकरू फार झाले, त्या ओझ्याखाली फौज दबली व घात झाला. आज आम्ही ज्याची हकीकत सांगणार आहोत तो मुलगा लढवय्या नव्हता. तो त्या ओझ्यापैकीच होता. वय अठरा वर्षांचे, नाव बाळाजी जनार्दन भानू. पुढे ज्याच्या लेखणीवर पाव शतक मराठी राज्य चालले तो नाना फडणीस हाच. पण अठरा वर्षांच्या पोराला आम्ही अहोजाहो करणार नाही. तो मोठा पुढे झाला; १७६१ च्या जानेवारीत तो अंगावर वस्त्र नसलेला एक पळालेला मुलगा होता.

वर्ध्याच्या व्यासपीठावर पानिपत कशाला, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. त्या काळी वर्धा जिल्हा म्हणून काही नव्हतेच. तो १८६२ साली नागपूरमधून वेगळा काढला गेला. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, आणि जानोजी भोसले पेशव्यांबरोबर उत्तरेस निघाले तरी ती कुमक पोचण्यापूर्वीच सारे आटोपले होते. पण वेढ्यात सापडलेल्या माणसाचे पोट वऱ्हाडातही तेच आणि हरियाणातही तेच. फाळणीनंतर आपल्या विदर्भातल्या गावोगावी सिंधी कुटुंबे येऊन उतरली तेव्हा 'निर्वासित' हा शब्द आपण नव्याने शिकलो. वस्तू मात्र जुनी आहे, आणि तिचा एक दाखला मराठीत, मराठी माणसाच्या हातचा, अडीचशे वर्षांपूर्वीचा शिल्लक आहे. नानाने आपल्या तरुणपणाची हकीकत स्वतः लिहून ठेवली. ती लहानशी आहे. जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने तिचे भाषांतर १८२९ च्या सुमारास विलायतेत छापले, आणि पुढे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी नानाचे चरित्र लिहून तो काळ मराठी वाचकांपुढे ठेवला. सेनापतींच्या बखरी पुष्कळ आहेत. वेढ्यातून निसटलेल्या पोराने स्वतः सांगितलेली गोष्ट दुर्मिळ, म्हणून तिचे मोल आम्हांस अधिक वाटते.

नानाचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. त्याचा आजा बाळाजी महादेव १७१९ साली दिल्लीच्या दंगलीत, पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या बरोबर असताना मारला गेला. म्हणजे दिल्लीकडची वाट या घराला शुभ नव्हती. १७५६ साली बाप वारला आणि चौदा वर्षांच्या मुलाकडे फडणिशी आली. फडणीस म्हणजे जमाखर्चाचा मालक. कोणाला किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, हे ज्याच्या दप्तरातून जाते तो. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण पुढे या पोराचा जीव वाचण्याशी तिचा संबंध आहे.

१७६० च्या मार्चमध्ये सदाशिवराव भाऊ आणि पेशव्यांचे वडील चिरंजीव विश्वासराव परतुराहून उत्तरेस निघाले. विश्वासरावही १७४२ चेच, नानाच्या बरोबरीचे. नाना निघाला तो आई आणि पत्नी यांना घेऊन. हेतू तीर्थयात्रेचा. मथुरा, वृंदावन, पुढे जमल्यास आणखी. आज हे ऐकून आपल्याला हसू येईल, पण त्या काळी लांबच्या यात्रेला सुरक्षित वाट म्हणजे फौजेची वाट. हजारो माणसांनी हाच विचार केला. शिवाय लढवय्यांच्या मागे चालणारे निराळेच. घोड्याला नाल ठोकणारे, तलवारी परजणारे, पखाली वाहणारे, तंबू उभारणारे, मोतद्दार, चरवेदार, बेलदार, बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या वाहणारे वंजारी. लढवय्ये पन्नास हजारांच्या आसपास धरले तर ही मंडळी त्यांच्या दुपटी-तिपटीची असावी. नेमका आकडा नाही, कारण त्यांची हजेरी कोणी घेतलीच नाही.

या माणसांना बाजारबुणगे म्हणून हिणवणारे इतिहासकार आम्हांस पटत नाहीत. घोड्याला दाणा कोण घालीत होते? पानिपतच्या छावणीभोवती जो खंदक खणला गेला तो सरदारांनी खणला काय? यात्रेकरूंचे ओझे होते, ते कबूल. भरतपूरच्या सूरजमल जाटाने भाऊसाहेबांना सल्ला दिला होता की, बायकामुले व जड सामान मागे माझ्या किल्ल्यांत वा ग्वाल्हेरीस ठेवा आणि सडे होऊन लढा. तो सल्ला मानला गेला नाही, आणि पुढे जाट बाजूस झाला. दोष असेल तर ज्याने सल्ला नाकारला त्याचा. गोणी उचलणाऱ्याचा नव्हे.

ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली. पैशाची तंगी इतकी की लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडले. ते सुमारे नऊ लाख झाले असे सांगतात. ऑक्टोबरच्या मध्यास कुंजपुरा सर झाला, तेथे धान्याचा मोठा साठा हाती आला, आणि छावणीत आनंदीआनंद झाला. तेवढ्यात महिनाअखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. आता तो दिल्ली व मराठे यांच्या मध्ये उभा होता. मराठे दक्षिणेस वळले आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी पानिपतास येऊन थांबले. येथून १४ जानेवारीपर्यंत, अडीच महिने, जो प्रकार झाला त्याला पुस्तकांत 'मोर्चेबंदी' म्हणतात. तो वेढाच होता.

वेढा म्हणजे काय, हे तोफांच्या संख्येवरून कळत नाही. ते दाण्याच्या वाटेवरून कळते. आम्ही गिरणगावांत वावरलेली माणसे. संप लांबला की पहिली चौकशी किराणा दुकानदार उधारी किती दिवस देईल याची करतो, आणि त्या एका उत्तरावरून संपाचे आयुष्य ठरते. पानिपतचा हिशेब तसाच मांडून पाहावा. पहिल्या महिन्यात मराठ्यांची स्थिती बरी होती. पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून धान्य येत होते. दक्षिणेस गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीत शिरून उलट अब्दालीचीच रसद मारीत होते, आणि अब्दालीच्या छावणीतही महागाई झाली होती. मग अब्दालीने तळ यमुनेच्या काठाला लावला, म्हणजे नजीबखान रोहिल्याच्या मुलुखातून धान्य यावयास नदीची वाट मोकळी झाली. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंत अचानक छाप्यात मारले गेले. ते वयस्क गृहस्थ, वसुलीच्या कामात मुरलेले, असल्या धावपळीच्या युद्धाचे नव्हेत. दक्षिणेची दोरी तुटली. पतियाळ्याची वाटही बंद झाली. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक टोळी अंधारात वाट चुकली आणि आपली छावणी समजून थेट अब्दालीच्या छावणीत शिरली. ती माणसेही गेली आणि पैसाही.

आता छावणीत पैसा नाही, दाणा नाही, सरपण नाही. उत्तर हिंदुस्थानातली पौषाची थंडी, आणि दक्षिणेतून आलेल्या माणसाजवळ तिला पुरेल असे पांघरूण नाही. जनावरे आधी मेली. मेलेल्या जनावरांची घाण छावणीतच, कारण खंदकाबाहेर जाण्याची सोय नाही. एका रात्री गवत-लाकूड आणावयास म्हणून मोठा जमाव बाहेर पडला. शाहपसंदखानाच्या स्वारांनी त्यांना रानात गाठून कापून काढले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हा आकडा वीस हजार दिला आहे. आम्हांस तो फुगलेला वाटतो. पण आकडा निम्मा केला, आणखी निम्मा केला, तरी ती माणसे लाकूडफाटा आणणारीच राहतात.

येथे एक तुलना करावीशी वाटते. लेनिनग्राड शहराला जर्मन फौजांनी ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत वेढले होते. तेथे १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कामगाराला दिवसाला अडीचशे ग्रॅम पाव मिळे, आणि मुलांना व अवलंबून असणाऱ्यांना सव्वाशे. लाखो माणसे उपासमारीने मेली, त्या सव्वाशे ग्रॅमांची कोणी बढाई मारू नये. परंतु प्रत्येक माणसाच्या नावाचे कार्ड होते. तान्ह्या पोराचेही होते. पानिपतात प्रत्येक पथक आपापल्या सरदाराच्या गोटातून जेवे, आणि जो कोणाच्याच पथकात नाही त्याने बाजारात विकत घ्यावे. बाजार संपला तेव्हा त्याचे अन्न संपले. आमच्या मते पानिपतच्या छावणीतली मोठी उणीव ही होती. तोफा तर इब्राहिमखान गारद्याच्या उत्तमच होत्या.

१३ जानेवारीला सरदार भाऊंकडे गेले आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणाले. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीस लढाई झाली. या दिवसाला संक्रांत म्हणण्याचा आता प्रघात पडला आहे. खरे पाहता संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकते. १८६३ साली विवेकानंद जन्मले ती संक्रांत १२ जानेवारीची होती, तेव्हा १७६१ ची त्याच्याही आधी येऊन गेली असणार. पण लोकांच्या मनात बसलेली संक्रांत पंचांगाने हलत नाही.

लढाईचे वर्णन आम्ही करणार नाही, ते सर्वांना ठाऊक आहे. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ गर्दीत शिरले, ते पुन्हा दिसले नाहीत. नाना त्या वेळी भाऊंच्या बाजूच्या जमावात होता. भाऊ दिसेनासे झाल्यावर तो पानिपत गावाकडे निघाला आणि दिवस मावळण्याच्या सुमारास तेथे पोचला. आई कोठे, पत्नी कोठे, काही पत्ता नाही. एका जाणत्या सोबत्याने त्याला सांगितले की, घोडा सोड, अंगावरचे चांगले कपडे टाक. हा सल्ला लाखमोलाचा होता. लुटारू कपडे पाहून माणूस मारतो. फडणिसाचा मुलगा फडणिसासारखा दिसला असता तर पहाट पाहता ना.

रात्री ते पश्चिमेकडे चालू लागले. पाठलाग करणारे स्वार पुन्हा पुन्हा गाठीत होते. बरोबरचे जखमी झाले, काही मागे राहिले ते कायमचे. नाना उंच गवतात लपून राहिला. पालखी-घोड्यावर वाढलेला, प्रकृतीने किरकोळ असा हा मुलगा अनवाणी कोसच्या कोस चालला आणि भुकेने झाडाचा पाला खाल्ला. पुढे एका बैराग्याने अन्न दिले. त्या जेवणाची गोडी त्याने लिहून ठेवावी याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. पुढे राज्याचा कारभार केलेल्या माणसाच्या आठवणीत तह, करार, खलिते यांच्याआधी एका बैराग्याचे जेवण येते.

आणि भीतीही त्याने लपवली नाही. पळालो, लपलो, जीव वाचवला, हे त्याने सरळ लिहिले. पुढे नाना रणांगणापासून दूर राहतो म्हणून त्याची टिंगल झाली, अजूनही होते. टिंगल करणाऱ्यांनी अठराव्या वर्षी एक रात्र त्या गवतात काढून पाहावी.

रेवाडीस पोचल्यावर त्याचे दैव पालटले. तेथे एका धनिकाने त्याला घरी ठेवून घेतले, अन्नवस्त्र दिले. कारण काय? दया होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण पेशव्यांच्या फडणिसाचे नाव सावकारांच्या वर्तुळात माहीत होते. चौदाव्या वर्षापासून ज्याच्या दप्तरातून लाखोंच्या हुंड्यांचा हिशेब गेला तो मुलगा उघडा असला तरी पतदार होता. त्याला ओळखणारे कोणी तरी प्रत्येक मोठ्या गावी निघत होते. निर्वासिताच्या आयुष्यात ही गोष्ट सर्वांत आधी येते. त्याला कोण ओळखतो? पत्नीही सापडली. विरोजी बारवकर नावाच्या एका इमानी माणसाने तिला त्या कत्तलीतून सुखरूप बाहेर काढले होते. बारवकरांचे नाव एरवी इतिहासात कोठे येत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम उच्चारतो. आई मात्र त्या धामधुमीत गेली.

ज्यांना कोणी ओळखत नव्हते त्यांचे काय झाले? दुसऱ्या दिवशी पानिपत गावात आश्रय घेतलेल्यांना बाहेर काढले गेले. पुरुष मारले, बायकामुले गुलाम म्हणून वाटून घेतली. शत्रूच्या गोटातही माणसे होती, हे सांगितले पाहिजे. काशीराज लिहितो की शुजाउद्दौल्याच्या छावणीत जे हजारो घुसले त्यांना त्याने राखले आणि खर्ची व सोबत देऊन जाटांच्या हद्दीपर्यंत पोचविले. अब्दाली परत फिरला तेव्हा पंजाबात शिखांनी त्याच्या काफिल्यावर छापे घालून कित्येक बंदिवान स्त्रिया सोडविल्या. बाकीच्या सिंधूपलीकडे गेल्या. बलुचिस्तानात बुगटी टोळीत मराठा म्हणवून घेणारा एक समाज आहे. हरियाणातील रोड समाजातले बरेच लोकही आपला संबंध पानिपताशी जोडतात. या परंपरा कागदाने सिद्ध करणे अवघड आहे. पण अडीचशे वर्षे कोणी हे नाव उगाच सांभाळीत नाही असे आमचे मत.

दक्षिणेकडे चाललेल्यांची मुख्य वाट सूरजमलच्या राज्यातून होती. ज्याचा सल्ला धुडकावला, जो रुसून बाजूला झाला, त्याच्याच दारात हे उघडे, जखमी लोक येऊन पडले. सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना जेवू घातले, वस्त्रे दिली, औषधपाणी केले. त्या काळचा पाद्री वेंदेल या कामी झालेला खर्च दहा लाखांचा सांगतो. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर जखमी अवस्थेत तेथेच पोचला आणि तेथेच वारला. विजयी अब्दालीच्या डोळ्यांदेखत पराभूतांना थारा देणे हे जोखमीचे होते. तरी जाटांनी दिला. नानाही डीगच्या बाजूने याच वाटेने ग्वाल्हेरीकडे उतरला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई अशाच वाचून आल्या. त्यांनी भाऊ गेले हे कधीच मानले नाही आणि अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. निर्वासितांच्या घरी असे एक माणूस नेहमी असते. फाळणीनंतरही कित्येक घरांनी ते पाहिले.

इकडे नानासाहेब पेशवे भेलशाच्या मुक्कामी होते. त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र लागले, त्याची हकीकत ग्रँट डफने दिली आहे. मजकूर सराफी सांकेतिक भाषेत होता. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गमावल्या, आणि चांदी व तांबे किती गेले त्याची बेरीज लागत नाही, अशा आशयाचा. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. शाळेत हे वाक्य शिकवताना गुरुजींचा गळा दाटून येतो तो मोत्यांपाशी. आम्ही थांबतो तांब्यापाशी. सावकाराने लबाडी केली नव्हती. त्याने प्रामाणिकपणे लिहिले की बेरीज लागत नाही. नाल ठोकणारे, पखालवाले, वंजारी, सरपणाला गेलेले लोक, यांची यादी नव्हतीच तर बेरीज कशाची करणार? नानाची आई या हिशेबात कोठे बसते, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. घर फडणिसाचे, म्हणून चांदीत म्हणावे. पण ती यात्रेला निघालेली एक बाई होती, आणि गेली ती तांब्याबरोबर गेली.

नानाचे एकोणीस वर्षांचे वय पुरे झाले ते या परतीच्या वाटेवरच. नानासाहेब पेशवे खचून पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. जुलैमध्ये माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय सोळा. फडणीस एकोणिसाचा. चुलते राघोबादादा कारभाराची सूत्रे धरून होते, घरोघर सुतक होते, उत्तरेकडून अजूनही कोणी कोणी लंगडत येत होते, आणि पुण्याच्या दप्तरात हा मुलगा पुन्हा जमाखर्चाला बसला.